धून आणि यंत्र : व्हिडिओ गेमच्या संगीताच्या रीमिक्सविषयी

मित्रहो, 1990 च्या दशकात आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांतल्या टीव्हीला जो ‘व्हिडिओ गेम’ जोडला जाई, तो बहुतेक वेळा मूळ जपानी यंत्र नसे. निंटेंडो कंपनीने 1983 साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉम या यंत्राची ती नक्कल असे. त्यात खेळाची जी चपटी पेटी बसवावी लागे तिला आम्ही सगळे कॅसेट म्हणत असू, आणि ती चालली नाही की तिच्यात जोराने फुंकर मारून पुन्हा बसवत असू. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या 1985 सालच्या खेळाचे कोजी कोंडो यांनी रचलेले संगीत मी पहिल्यांदा ऐकले ते अशाच एका यंत्रावर. पुढे बऱ्याच वर्षांनी मूळ यंत्रावरचे ध्वनिमुद्रण कानी पडले, तेव्हा ते मला उगाच घाईत वाजवल्यासारखे वाटले.

माझी स्मरणशक्ती त्यात चुकत नव्हती. जपानमधला टीव्ही सेकंदाला साधारण 60 वेळा चित्र रेखाटत असे आणि आपल्याकडचा 50 वेळा. त्या खेळातले संगीत पुढे सरकते ते या चित्रांच्या ठेक्यावर. प्रत्येक नव्या चित्रागणिक संगीताचा हिशेब एक पाऊल पुढे जातो. त्यामुळे 50 च्या गतीसाठी बनवलेल्या नकली यंत्रांवर तीच धून एक षष्ठांश सावकाश चालत असे. स्वरांची उंची मात्र जवळजवळ तीच राही, कारण ती चित्रांच्या गतीवर नव्हे, तर आवाज निर्माण करणाऱ्या चिपच्या घड्याळावर ठरते. शिवाय यांपैकी अनेक यंत्रांच्या ध्वनी-चिपमध्ये दोन प्रकारच्या लहरींची अदलाबदल झालेली होती : जिथे पातळ, किंचित नाकातून आल्यासारखा आवाज हवा तिथे पोकळ, गोलसर आवाज येई आणि पोकळ हवा तिथे पातळ. म्हणजे जी धून आम्ही लहानपणी पाठ केली, तिची लय वेगळी होती आणि तिचा आवाजही वेगळा होता. तरीही ती तीच धून होती, याबद्दल जगात कुणाच्याही मनात शंका येणार नाही. मग त्या धुनेतले धुनेचे काय आणि यंत्राचे काय? रीमिक्स करायला, म्हणजे जुनी धून नव्याने बांधायला, बसलेल्या माणसाला हा प्रश्न पहिल्या मिनिटाला भेटतो आणि शेवटच्या मिनिटापर्यंत सोडत नाही. आज मला मुख्यतः त्याविषयीच बोलायचे आहे.

फॅमिकॉमच्या चिपमध्ये आवाजाच्या पाच वाहिन्या होत्या : दोन पल्स लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक नुसत्या खरखरीची आणि एक छोटे मुद्रित नमुने वाजवणारी. त्रिकोणी वाहिनीचा आवाज लहानमोठा करण्याची सोयच नव्हती. ती एक तर वाजत असे किंवा गप्प असे. म्हणून त्या काळच्या संगीतकारांनी खर्जाच्या सुरांना लांबी-आखूडपणानेच उठाव दिला. पल्स वाहिनी एका वेळी एकच सूर वाजवते, म्हणून कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, हवी असेल तेव्हा तिचे तीन सूर इतक्या झपाट्याने आळीपाळीने वाजवत की कानाला ते एकत्र असल्याचा भास व्हावा. प्रतिध्वनी हवा असेल तर तीच चाल दुसऱ्या वाहिनीवर क्षणभर उशिरा आणि हलक्या आवाजात वाजवत. खेळाडूने उडी मारली की त्या उडीचा आवाज एक वाहिनी तात्पुरती ताब्यात घेई आणि तेवढ्यापुरते तिच्यावरचे सूर नाहीसे होत. म्हणजे कोणता सूर गेला तरी चालेल, याचाही विचार रचनेत करावा लागे.

आता ही धून व्हायोलिन, गिटार किंवा बासरीकडे सोपवायची आहे, असे समजा. त्या झपाट्याच्या तीन सुरांचे काय करायचे? संगीतकाराच्या मनात कॉर्ड होती आणि यंत्राने त्याला ती दिली नाही, असे मानले तर तिथे सरळ तंतुवाद्यांची भरलेली कॉर्ड ठेवावी. पण ती थरथर ऐकत मोठ्या झालेल्या माणसाच्या कानात ती अडचण राहिलेली नसते, ती त्या संगीताची त्वचा झालेली असते. माझे मत असे की याचे सर्वकाळ लागू पडणारे उत्तर नाही. पण प्रत्येक ठिकाणी उत्तर जाणीवपूर्वक दिलेले असले पाहिजे. बरेच नवखे संयोजक (धून नव्या वाद्यांसाठी बांधणारे) मिडी फाइल, म्हणजे कोणता सूर कधी वाजवायचा याची संगणकी नोंद, उतरवून घेतात, तिच्यातल्या प्रत्येक वाहिनीला एकेक वाद्य लावतात आणि काम झाले असे समजतात. तिथे यंत्राच्या सगळ्या अडचणी जशाच्या तशा वाद्यांच्या गळ्यात पडतात आणि यंत्राचा गोडवा मात्र निघून जातो.

एक उदाहरण जवळून पाहू. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये नायक नळातून खाली भुयारात उतरतो तेव्हा वाजणारी धून आपण आठवा. पाश्चात्त्य सी हा आपला षड्ज धरला तर ती अशी आहे : मध्य सा, तार सा, मंद्र ध, मध्य ध, मंद्र कोमल नी, मध्य कोमल नी. सहा सूर झाले की शांतता. पुन्हा तेच सहा सूर, पुन्हा शांतता. मग हीच आकृती पाच स्वर खाली उतरते : मंद्र म आणि मध्य म, मंद्र रे आणि मध्य रे, मंद्र कोमल ग आणि मध्य कोमल ग, पुन्हा शांतता. त्यानंतर लागोपाठच्या अर्ध्या स्वरांची एक घसरण येते आणि धून पहिल्या षड्जावर परतते. सोबतीला कॉर्ड नाही आणि ताल धरणारे काही नाही.

आता घसरण वगळून या धुनेतले स्वर एका ओळीत मांडा : सा, रे, कोमल ग, म, ध, कोमल नी. पंचम नाही. हा काफी थाटाचा ऐवज आहे, आणि आपल्याकडच्या ऐकत्या माणसाला पंचमाच्या अभावामुळे बागेश्रीची आठवण होणे साहजिक आहे. मला ती झाली. पण स्वर जुळले म्हणजे राग जुळला असे होत नाही. बागेश्रीला तिचे चलन आहे, मध्यम-धैवताचे तिचे नाते आहे, आणि ही धून सप्तकांच्या उड्या घेत अगदी वेगळ्या वाटेने जाते. कोंडो यांच्या मनात बागेश्री होती, असे सुचवणे खोटेपणाचे होईल. संयोजकाने मात्र एवढे म्हणायला हरकत नाही की या स्वरांना हे घर मानवेल का, ते पाहू या.

मी ते पाहिले आणि पहिल्या वेळी चुकलो. तानपुरा लावला, सतारीवर ते सहा सूर घेतले, आणि त्यानंतरची शांतता मला मोकळी जागा वाटली म्हणून तिच्यात तबल्याचे तुकडे भरले. तुकडे चांगले वाजले होते, मिक्सही स्वच्छ होता. एका मित्राला हेडफोनवर ऐकवले तेव्हा तो म्हणाला, “वाजलंय छान, पण आता तो भुयारात एकटा राहिला नाही.” त्या वाक्याने माझे डोळे उघडले. ती शांतता हा धुनेचा सातवा सूर होता. भुयार आहे, खाली काय आहे ते माहीत नाही, आपलाच आवाज भिंतीवर आपटून येतो आहे, हे सगळे त्या रिकाम्या जागेत होते. तबला काढला. तानपुऱ्याचा पंचमही काढला आणि तानपुरा सा-म जोडीत लावला, कारण जो स्वर धुनेने टाळला आहे तो मागे सतत गुंजत ठेवणे म्हणजे तिच्याशी भांडण मांडणे होते. शांततेच्या जागी फक्त शेवटच्या कोमल निषादाचा घुमारा राहू दिला. रीमिक्समध्ये काय घालायचे हे सुचणे सोपे असते. कशाला हात लावायचा नाही, हे कळायला मला तीन महिने लागले.

निर्मितीच्या बाजूबद्दल थोडे बोलतो, कारण अनेक चांगली संयोजने तिथे अडखळतात. चिपचा सूर पहिल्या क्षणापासून पूर्ण ताकदीने वाजतो. गज फिरवलेल्या तारेला बोलते व्हायला वेळ लागतो. म्हणून चपळ चाल संगणकावरच्या व्हायोलिनच्या नमुन्यांकडे दिली की ती तालाच्या मागे रेंगाळते, आणि तो ट्रॅक काही मिलिसेकंद आधी सरकवावा लागतो किंवा आखूड आघाताचे नमुने निवडावे लागतात. मिडीमध्ये प्रत्येक सुराच्या आघाताला 127 पर्यंत पायऱ्या असतात. सगळे सूर एकाच पायरीवर ठेवले तर कितीही महाग वाद्यसंच खेळण्यासारखा ऐकू येतो. आणि चिपचा मूळ आवाज विकृत केलेल्या इलेक्ट्रिक गिटारसोबत ठेवायचा असेल, तर दोन्हींची धार मध्य-उच्च पट्ट्यात एकमेकींवर चढते; इक्वलायझरने, म्हणजे आवाजाचे पट्टे कमीजास्त करणाऱ्या साधनाने, एकीला जागा सोडायला लावावीच लागते. हे सारे कंटाळवाणे काम आहे, पण धुनेवर प्रेम असले की ते करवते.

यापेक्षा मोठा प्रश्न शेवटाचा. खेळातले संगीत बहुधा मिनिट-दोन मिनिटांचे असते आणि खेळाडू पुढच्या टप्प्यावर जाईपर्यंत फिरत राहते. त्याला सुरुवात असते, पण शेवट नसतो. त्याचा शेवट खेळाडू करतो. रीमिक्स ऐकणारा मात्र काही खेळत नसतो. चार मिनिटे त्याला बसवून ठेवायचे तर धुनेला चढ हवा, वळण हवे आणि थांबण्याची जागा हवी, आणि यातले काहीही मूळ रचनेत सापडत नाही. मला वाटते, संयोजकाची खरी परीक्षा इथे आहे. एकच आवर्तन तीनदा वाजवून आवाज हळूहळू मिटवत नेणे म्हणजे तो प्रश्न न सोडवता सोडून देणे.

फॅमिकॉमनंतर आलेल्या, 1990 च्या दशकातल्या सुपर फॅमिकॉम या यंत्राच्या संगीताविषयी अलीकडे एक निराळीच हौस वाढली आहे. त्या यंत्रात आठ वाहिन्या होत्या आणि ध्वनीसाठी सगळी मिळून 64 किलोबाइट स्मृती. वाद्यांचे नमुने, वाजवण्याचा प्रोग्राम आणि प्रतिध्वनीची जागा हे सारे त्यातच बसवायचे. ‘डाँकी काँग कंट्री’ या 1994 च्या खेळासाठी डेव्हिड वाइज यांनी जे पाण्याखालचे संगीत रचले, ते एवढ्याशा जागेत कसे मावले याचे मला आजही आश्चर्य वाटते. काही चाहते त्या काळच्या सिंथेसायझरांमधले मूळ नमुने शोधून काढतात आणि काटछाट होण्यापूर्वी ते संगीत कसे वाजले असते, ते तयार करतात. या चिकाटीपुढे मी नतमस्तक आहे, पण त्याला मी संयोजन म्हणणार नाही. ते उत्खनन आहे. त्यात संगीतकाराचे ऐकलेले असते, स्वतःचे काही बोललेले नसते. आणि कधीकधी त्या स्वच्छ आवृत्तीत असे जाणवते की त्या काटछाटीतून येणाऱ्या धूसरपणाचा हिशेब धरूनच वाइज यांनी ते सूर मांडले होते.

या क्षेत्राला शिस्त लावण्यात डेव्हिड लॉइड यांनी 1999 साली अमेरिकेत सुरू केलेल्या ‘ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स’ या संकेतस्थळाचा वाटा मोठा आहे. तिथे आलेली रचना परीक्षक ऐकतात, आणि दोन गोष्टी एकदमच मागतात : मूळ धून ओळखू आली पाहिजे व रचनेत तिचे प्राबल्य असले पाहिजे, आणि तरीही संयोजकाचे स्वतःचे काम भरीव असले पाहिजे. मूळ धून किती वेळ ऐकू येते, ते काही परीक्षक सेकंद मोजून पाहतात. हे मोजमाप कुणाला रुक्ष वाटेल. मला ते आदराचे वाटते. तिथल्या संयोजकांचे काम पुढे इतके वाढले की 2008 साली कॅपकॉम कंपनीने ‘स्ट्रीट फायटर’च्या नव्या आवृत्तीचे संगीत त्यांच्याकडूनच घेतले, आणि 2013 साली ‘फायनल फँटसी 6’मधल्या नोबुओ उएमात्सु यांच्या संगीतावर त्यांनी 74 रचनांचा संग्रह काढला.

तिथे प्रत्येक रीमिक्ससोबत खेळाचे, मूळ धुनेचे आणि मूळ संगीतकाराचे नाव दिलेले असते. आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ गाण्याचे शब्द छापलेले असत, त्याची मला आठवण होते. उसनवारी लपवायची नाही, ती मिरवायची. व्हिडिओ गेमच्या बाबतीत तर या नावांना आणखी महत्त्व आहे, कारण त्या काळी श्रेयनामावलीत अनेकदा टोपणनावे असत. ‘मेगा मॅन’ या 1987 च्या खेळाचे संगीत मानामी मात्सुमाए यांचे. खेळात त्यांचे नाव ‘चान्चाकोरिन मानामी’ असे दिले गेले. आज त्यांचे खरे नाव जगभर घेतले जाते, त्यात चाहत्यांचा हात आहे.

कायद्याबद्दल विचारले जाईल म्हणून थोडक्यात सांगतो. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने कव्हरसाठी, म्हणजे जुन्या रचनेच्या नव्या ध्वनिमुद्रणासाठी, वैधानिक परवान्याची तरतूद आली. पण त्यासाठी मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षे उलटलेली असावी लागतात, आणि मालकाच्या संमतीशिवाय रचनेत तांत्रिक गरजेपलीकडे बदल करता येत नाही. रीमिक्सचा तर प्राणच बदलात आहे. म्हणून आपण करतो ते बरेचसे काम मालकांच्या सहनशीलतेवर उभे आहे, हे ओळखून वागावे. विकायचे असेल तर रीतसर परवानगी घ्यावी, आणि मूळ खेळातला ध्वनी जसाच्या तसा उचलू नये.

भुयाराच्या त्या धुनेला मी शेवट कसा दिला, हे सांगायचे राहिले. अर्ध्या स्वरांची घसरण मंद्र कोमल धैवतावर येऊन थांबते. खेळात त्यानंतर पहिला षड्ज पुन्हा सुरू होतो, म्हणून त्या धैवताकडे कुणाचे लक्ष जात नाही. मी तो तसाच लांबवला. तानपुरा आधीच्या आवर्तनात हळूहळू काढून घेतला होता, त्यामुळे त्या धैवताखाली काहीच उरले नव्हते. चार सेकंद तो एकटा घुमत राहतो. मग दूरवरून, अगदी हलक्या आवाजात, चिपचाच मूळ आवाज येतो : मध्य सा, तार सा. आम्ही लहानपणी ऐकला होता त्याच लयीत, एक षष्ठांश सावकाश. पुढचे चार सूर मी वाजवलेले नाहीत.