एकाच भूजलावर दोन देश

नमस्कार श्रोतेहो.

तिळारीच्या कालव्याला भगदाड पडलं की अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाकडे येणारं पाणी आटतं आणि बार्देशात टँकरची धावाधाव सुरू होते. धरण दोडामार्गात, म्हणजे महाराष्ट्रात. तहान मात्र गोव्यातली. शेजाऱ्याशी पाण्याचा व्यवहार कसा करावा, हा आपल्यासाठी रोजच्या नळाचा प्रश्न आहे. म्हणून आज जिनिव्हाबद्दल बोलू या. तिथे तर मध्ये राज्याची नाही, देशाची सीमा आहे.

जिनिव्हा स्वित्झर्लंडचं. त्याला खेटून असलेलं आनमास फ्रान्सचं. दोघांच्या जमिनीखाली सुमारे १९ किलोमीटर लांबीचा एकच भूजलसाठा पसरला आहे. १९६० नंतर दोन्हीकडे पंप वाढले. पलीकडचा किती उपसतो, याचा हिशेब कुणाकडेच नव्हता. वीस वर्षांत पाण्याची पातळी सात मीटरहून जास्त खाली गेली.

उपाय सापडला आर्व्ह नदीत. आल्प्समधल्या माँ ब्लां पर्वताच्या हिमनद्यांचं पाणी घेऊन ती जिनिव्हात येते. १९८०पासून व्हेसी इथे नदीचं पाणी उचलतात, गाळतात आणि जमिनीत पुरलेल्या सच्छिद्र नळ्यांतून सोडतात. तिथून ते वाळू-खडीच्या थरांतून झिरपत साठ्यात उतरतं. धोका आहे तो गाळाचा. गढूळ पाणी आत गेलं तर बारीक माती खडीच्या फटींत बसते, मुरण्याचा वेग घटतो आणि एकदा तुंबलेला थर मोकळा करणं फार अवघड जातं. म्हणून नदी गढूळ झाली किंवा पाण्यात प्रदूषण आढळलं की उचल थांबवतात. पावसाळ्यात लाल झालेली खांडेपार नदी पाहिलेल्यांना यामागचं कारण चटकन कळेल.

यंत्रं उभारणं त्या मानाने सोपं होतं. खरी गोम पैशात होती. जिनिव्हाने स्वखर्चाने पाणी मुरवायचं आणि फ्रान्सच्या विहिरी आपोआप भरायच्या, हे किती दिवस चालणार? म्हणून १९७८मध्ये तीस वर्षांचा करार झाला. पाणी मुरवण्याचं केंद्र जिनिव्हाने बांधायचं आणि चालवायचं. फ्रेंच बाजूने वर्षाला जास्तीत जास्त ५० लाख घनमीटर, म्हणजे ५०० कोटी लिटर पाणी उपसायचं. त्यातलं २० लाख घनमीटर फुकट, कारण निसर्गतः मुरणाऱ्या पाण्यात त्यांचाही वाटा आहेच. त्यावरच्या उपशासाठी पाणी मुरवण्याच्या खर्चातला हिस्सा द्यायचा. उपसा मोजायला विहिरींवर मीटर. देखरेखीला प्रत्येक बाजूचे तीन सदस्य, आणि त्यांतले किमान दोघे पाण्यातले जाणकार. मला या करारातली ही अट सगळ्यांत शहाणपणाची वाटते. बैठकीत मीटरचे आकडे वाचता येणारी माणसं बसली की भाषणं आपोआप आटोपती होतात. मुदत संपल्यावर २००८पासून आणखी तीस वर्षांचा करार लागू झाला, तोही थेट स्थानिक संस्थांच्या पातळीवर.

दुसरं उदाहरण दवाखान्याचं. पिरेनीज पर्वतात, स्पेनच्या पुच्सेर्दा गावात, सेर्दान्या रुग्णालय २०१४मध्ये सुरू झालं. ६० टक्के वाटा कातालोनियाचा, म्हणजे स्पेनच्या त्या प्रांताचा, ४० टक्के फ्रान्सचा. दोन्ही देशांचे रुग्ण तिथे येतात. इमारत झाली, डॉक्टर आले आणि मग अडचण निघाली कागदांची. फ्रेंच आईचं बाळ तिथे जन्मलं की ते जन्मलं स्पेनमध्ये, मग नोंद कुठे करायची? रुग्ण दगावला तर मृतदेह सीमेपलीकडे न्यायलाही परदेशातून आणल्यासारखे सोपस्कार करावे लागायचे. दोडामार्ग-सावंतवाडीचा रुग्ण गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात येतो तेव्हा निदान जन्म-मृत्यूचा कायदा तरी दोन्हीकडे एकच असतो. बिल कुणी भरायचं, कुठली योजना चालणार, हे मात्र आधी ठरवून ठेवावंच लागतं. खाटेवरच्या माणसाच्या नातेवाइकांनी त्यासाठी खिडक्यांवर हेलपाटे घालू नयेत.

आता पुन्हा तिळारीकडे. प्रकल्प संयुक्तच आहे आणि खर्चाचा मोठा वाटा गोव्याने उचलला आहे. वाद घालण्यापेक्षा करून घेण्यासारखी कामं आहेत. कालवा सीमा ओलांडतो तिथे पाणी मोजायचं, आणि तो आकडा दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांना रोज, एकाच वेळी दिसायला हवा. धरणातून सोडलेलं पाणी आणि सीमेवर पोचलेलं पाणी यांत फरक वाढू लागला, की गळती कुठल्या टप्प्यात आहे ते भगदाड पडण्याआधी शोधता येतं. पावसाळा सरला की कालव्याच्या भरावाची पाहणी दोघांनी मिळून करावी. खेकड्यांची बिळं, झाडांची मुळं, अस्तराच्या भेगा हे सगळं तेव्हाच नजरेला पडतं. आणि दुरुस्तीसाठी कालवा बंद ठेवायचा असेल तर तारीख अस्नोड्याला पुरेशी आधी कळली पाहिजे, म्हणजे टाक्या भरून घेता येतील आणि कुठल्या गावाला कुठल्या दिवशी पाणी, हे लोकांना आधीच सांगता येईल.

नमस्कार.