ओलावा नेमका किती?

(दृश्य: कापूस खरेदी केंद्र)

खान्देशातल्या शेतकऱ्याला ओलाव्याची किंमत सांगावी लागत नाही. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर कापसात ओलावा आठ टक्क्यांवर गेला की भाव कापतात, बाराच्या वर गेला की माल घेतच नाहीत. जळगावच्या एमआयडीसीत रसायनाचा ड्रम तपासताना मात्र प्रश्न टक्क्याच्या शंभराव्या भागाचाही असू शकतो. तेवढं पाणीसुद्धा एखादी अभिक्रिया बिघडवतं, औषधाची पावडर लवकर खराब करतं.

मग ओव्हनमध्ये वाळवून वजनातली घट पाहायची? पुष्कळ पदार्थांना ते पुरतं. पण ओव्हनला पाणी ओळखता येत नाही. जे उडालं ते सगळं घटीत धरलं जातं, मागे राहिलेलं मेथेनॉलसारखं द्रावकसुद्धा. उलट काही स्फटिक पाणी सहजी सोडत नाहीत. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट पाहा. त्याच्या वजनाचा 36 टक्के भाग पाणीच असतो, पण त्यातलं शेवटचं पाणी निघायला 200 अंशांच्या पुढे तापवावं लागतं.

(दृश्य: प्रयोगशाळा, टायट्रेशनचं भांडं)

1935 मध्ये कार्ल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने वेगळा मार्ग काढला. त्याला द्रवरूप सल्फर डायऑक्साइडमधलं पाणी मोजायचं होतं. मेथेनॉल आणि योग्य अल्कली सोबत असली की आयोडीन आणि सल्फर डायऑक्साइड यांची अभिक्रिया पाणी असेपर्यंतच चालते. पाण्याच्या एका रेणूमागे आयोडीनचा एकच रेणू खर्च होतो. म्हणजे एक मिलिग्रॅम पाण्याला 14.1 मिलिग्रॅम आयोडीन. पाणी संपलं की आयोडीन शिल्लक राहतं आणि प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड ते डोळ्याआधी टिपतो. किती आयोडीन लागलं, यावरून पाणी कळतं. असं मोजून अभिकारक घालत जाणं म्हणजे टायट्रेशन. या पद्धतीचं सौंदर्य आम्हाला इथेच दिसतं: ती थेट पाण्यालाच हाक मारते.

फिशरने अल्कली म्हणून पिरिडीन वापरलं होतं. त्याचा वास असह्य. आता बहुतेक ठिकाणी इमिडाझोल असतं.

आषाढात हे काम अवघड होतं. हवेतलीच ओल भांड्यात शिरू पाहते. म्हणून तोंडाशी ओल शोषणाऱ्या मॉलिक्युलर सीव्हची नळी, नमुना सिरिंजने रबरी बुचातून आत, आणि सिरिंजचं वजन आधी आणि नंतर, म्हणजे किती नमुना गेला ते कळतं. अभिकारकाची, म्हणजे आयोडीनच्या द्रावणाची ताकद सोडियम टार्ट्रेटवर तपासतात. त्यात पाणी 15.66 टक्के ठरलेलंच.

सगळ्यांना ही पद्धत चालते असं नाही. अभिक्रियेत आयोडीनचं आयोडाइड होतं, मोरचुदातलं तांबं त्यापासून पुन्हा आयोडीन मोकळं करतं आणि आकडा कमी येतो. अ‍ॅसिटोन तर मेथेनॉलशी अभिक्रिया करून स्वतःच पाणी तयार करतं, आकडा थांबतच नाही. त्यासाठी मेथेनॉल नसलेला वेगळा अभिकारक भरावा लागतो.