तांब्याचा वायसर आणि विहिरीची पायरी

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या वडिलांच्या विहिरीला एकोणीस पायऱ्या होत्या. विहीर सोलापूरजवळ नान्नजच्या वाटेला, माळाच्या कडेनं. चैत्रात वडील मोटर चालू करायच्या आधी वाकून आत बघायचे आणि घरी आल्यावर आईला एवढंच सांगायचे, "चौदावी उघडी पडली." तेवढ्यावर घरातलं सगळं ठरायचं. कडवळ ठेवायचं का मोडायचं, दुसरी म्हैस घ्यायची का नाही. पंधरावी दिसली की मोटर दिवसाआड. हा कायदा वडिलांचाच, आणि तो मोडायची छाती आम्हां भावंडांत कुणाची नव्हती.

ही पायरी परवा आठवली ती एका परदेशी खटल्याचा निकाल वाचताना.

अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात एक कपार आहे, डेव्हिल्स होल. सैतानाचं बीळच म्हणा. चुनखडीच्या खडकातली चीर, आत कोमट पाणी, आणि त्याचा तळ आजवर कुणाला सापडलेला नाही. त्या पाण्यात जेमतेम इंचभर लांबीचा एक मासा राहतो. निसर्गात तो दुसरीकडे कुठंच नाही. पाण्याखाली, अगदी वरच्या अंगाला, खडकाचं एक फडताळ आहे. मासा शेवाळ खातो तिथंच आणि अंडी घालतो तीही तिथंच. १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी ही कपार आणि भोवतालची चाळीस एकर जमीन डेथ व्हॅलीच्या संरक्षित क्षेत्रात घातली.

पुढं १९६८ मध्ये शेजारच्या कॅपार्ट कुटुंबानं आपल्या जमिनीत विहिरी घेऊन उपसा सुरू केला. बारा हजार एकरांचा पसारा, गुरं, गवत, गहू, ऐंशीच्या वर माणसं कामाला. विहिरी स्वतःच्या रानात, कपारीपासून चारेक किलोमीटरवर. पण जमिनीखालच्या पाण्याला बांध कुठला? कपारीतलं पाणी उतरायला लागलं.

आता यातली माझ्या आवडीची गोष्ट. सरकारच्या भूशास्त्र खात्यानं १९६२ पासून त्या कपारीच्या भिंतीत तांब्याचा एक वायसर ठोकून ठेवला होता. नळाला असतो तसला साधा वायसर. पाणी त्याच्याखाली किती, एवढंच मोजायचं आणि वहीत लिहायचं. १९६८ पर्यंत ते १.२ फुटांवर स्थिर होतं. १९६९ ला २.३ फूट, १९७० ला ३.१७, १९७२ ला ३.९३. तीन फुटांच्या खाली गेलं की फडताळाचा बराच भाग उघडा पडायचा. सरकार कोर्टात गेलं १९७१ ला, पण नोंदी नऊ वर्षं आधीपासूनच्या होत्या. भांडण नसताना मोजलेलं होतं, म्हणून भांडणात कामाला आलं.

१९७६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं निकाल दिला. जमीन ज्या कारणासाठी राखली, त्या कारणापुरतं पाणीही तिच्याबरोबर राखलं गेलं. मग ते कुणी वरून पळवो नाहीतर शेजारच्या विहिरीतून ओढो, राखलेलं ते राखलेलंच. उपसा सरसकट बंद झाला नाही हेही सांगायला हवं. पाणी वायसरच्या खाली ठराविक पातळीपर्यंत राहील, इतपत उपसायची मुभा होती.

तिकडं तेव्हा लोक गाड्यांवर 'मासा मारा' असे स्टिकर लावून फिरत होते. मला त्याचं नवल वाटत नाही. आपल्याकडं माळढोकावरून काय कमी झालं? १९७९ ला अभयारण्य झालं, ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आली, शेतं आली, जमिनीचे व्यवहार अडले. पुढं ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. 'पाखरू मोठं का माणूस' हे वाक्य मी एसटीत, चहाच्या टपरीवर, सोयऱ्यांच्या लग्नात, सगळीकडं ऐकलंय. प्रश्न खोटा नाही. पण माळाच्या शेजारच्या बागांना पाणी कुठल्या थरातलं येतं आणि त्या उपशानं माळावरचे पाणवठे आटतात का, हे त्या वादात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

दुसरं प्रकरण कॅलिफोर्नियातलं, मोहावी वाळवंटातलं. कॅडिझ नावाच्या कंपनीला तिथून वर्षाला पन्नास हजार एकर-फूट पाणी पन्नास वर्षं काढून शहरांना विकायचं होतं. एकर-फूट म्हणजे एकरभर जागेत फूटभर पाणी उभं राहील इतकं. आपल्या हिशेबानं वर्षाला दोन टीएमसीच्या थोडं वर, पन्नास वर्षांत १०९ टीएमसी. उजनी मृतसाठ्यासकट काठोकाठ भरली तर ११७. म्हणजे वाळवंटाखालून जवळपास एक उजनी.

कंपनी म्हणे, दर वर्षी बत्तीस हजार एकर-फूट पाणी आपोआप मुरतं. सरकारी भूशास्त्रज्ञांचा अंदाज दोन ते दहा हजारांचा. सगळं भांडण त्या दोन आकड्यांमधलं, पण कोर्टातली बरीच वर्षं गेली ती पाइपलाइनवर. सत्तर किलोमीटरची पाइपलाइन रेल्वेच्या हद्दीतून न्यायची, तर १८७५ च्या कायद्यानं ती रेल्वेच्या कामाची ठरायला हवी. मग कंपनीनं आग विझवायच्या पाण्याचं कारण पुढं केलं, वाफेच्या इंजिनाचंसुद्धा! २०१५ ला केंद्रीय खात्यानं नाही म्हटलं, २०१७ ला नव्या सरकारनं हो म्हटलं, २०१९ ला कोर्टानं तो होकार रद्द केला. मग गॅसच्या जुन्या पाइपलाइनमधून पाणी न्यायची परवानगी आली. २०२२ ला तीही कोर्टानं काढून घेतली. कंपनी अजून मैदानात आहे.

आपल्याकडचा कायदा? १८८२ चा सुविधाधिकार कायदा सांगतो, आपल्या हद्दीतलं जमिनीखालचं पाणी मालकानं घ्यावं. केरळात प्लाचीमाडाला शीतपेयाच्या कारखान्यावरून वाद झाला, तेव्हा २००३ ला हायकोर्टाचे एक न्यायमूर्ती म्हणाले, भूजल सगळ्यांचं; २००५ ला त्याच कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी उलटं सांगितलं. महाराष्ट्रात १९९३ पासून सार्वजनिक पिण्याच्या विहिरीच्या पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येत नाही. २००९ चा भूजल कायदा २०१४ ला लागू झाला. त्यात साठ मीटरच्या खाली गेली ती खोल विहीर, आणि अधिसूचित क्षेत्रात तिला बंदी. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. आमच्याकडं बोअरची गाडी आली की दोनशे फुटांवर अजून चहासुद्धा होत नाही.

आणि आपला खडक काळा. वाळूसारखं पाणी धरून ठेवायला त्याच्या पोटात जागा नाही. जे आहे ते भेगांत आणि वरच्या मुरमात. शेजाऱ्याच्या बोअरनं तीच भेग गाठली की आपली विहीर आठवड्यात कोरडी. कोर्टात हे सिद्ध करायचं तर तारखेसकट पातळी दाखवावी लागते. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत, वर्षातून चारदा मोजतात. आपल्या भागातली अशी विहीर कुठं आहे, तहसीलजवळ राहणाऱ्यांनाही विचारून बघा.

आमच्या विहिरीच्या एकोणीसही पायऱ्या गेली काही वर्षं उन्हाळ्यात उघड्या असतात. पुतण्यानं शेजारीच बोअर घेतली, पाचशे ऐंशी फूट. मागच्या महिन्यात गेलो होतो. सहज विचारलं, "पाणी कितीवर आहे रे?"

"ते कसं कळणार, तात्या?" तो म्हणाला. "मोटर बंद पडली की कळतं."