शस्त्रक्रियेआधीची उसनी प्रतिकारशक्ती

श्रोतेहो, नमस्कार. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडावी, टाके सुकू लागावेत आणि आठव्या दिवशी जखम लाल होऊन तिच्यातून पू यावा, याची धास्ती प्रत्येक शल्यचिकित्सकाच्या मनात असते. अशा संसर्गामागे पुष्कळदा स्टॅफिलोकॉकस ऑरिअस हा जिवाणू असतो आणि तो बाहेरूनच यावा लागतो असे नाही, कारण सुमारे ३० टक्के निरोगी माणसांच्या नाकपुड्यांत तो एरवीही मुक्कामाला असतो.

त्याला रोखण्यासाठी छेद घेण्यापूर्वी तासाभराच्या आत शिरेतून प्रतिजैविक देतात. पण प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू वाढत चालल्याने, रुग्णाला तयार प्रतिपिंडेच (अँटिबॉडीज, म्हणजे जंतूंना ओळखून धरणारी प्रथिने) आधी टोचावीत, हा विचार पुढे आला. विचार तसा जुनाच. बेहरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी १८९० मध्ये धनुर्वात व घटसर्पाविरुद्ध अशी प्रतिपिंडे असलेल्या रक्तद्रवाचा प्रयोग केला होता. लस अंगी लागायला वेळ घेते, प्रतिपिंडे मात्र टोचताच कामाला लागतात आणि काही आठवडे टिकतात. शस्त्रक्रियेची तारीख बहुधा आधीच ठरलेली असल्याने हा हिशेब सोयीचा वाटतो.

अडचण जिवाणूच्या चलाखीत आहे. प्रतिपिंड इंग्रजी वाय अक्षरासारखे असते. वरच्या दोन हातांनी ते जिवाणूला धरते आणि मोकळ्या देठाने पांढऱ्या पेशींना बोलावते. हा जिवाणू आपल्या अंगावरच्या ‘प्रोटीन ए’ने नेमका देठच पकडतो, म्हणजे प्रतिपिंड चिकटते खरे, पण उलटे!

म्हणून काही संशोधकांनी जिवाणूला सोडून त्याच्या अल्फा विषाला लक्ष्य केले. या विषाचे सात रेणू मिळून एक कडे बनते, आणि ते पेशीच्या आवरणाला आरपार भोक पाडते. त्याविरुद्धचे सुव्राटोक्सुमॅब हे प्रतिपिंड कृत्रिम श्वसनावरील रुग्णांना दिले गेले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार न्यूमोनियात निर्णायक घट सिद्ध झाली नाही. हे रुग्ण अतिदक्षता विभागातले होते, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या जखमेबद्दल यावरून थेट अनुमान काढणे मला घाईचे वाटते.

सावधगिरीचे कारण आणखीही आहे. हृदयशस्त्रक्रियेपूर्वी दिलेल्या, याच जिवाणूविरुद्धच्या व्ही७१० या लशीची चाचणी २०११ मध्ये थांबवावी लागली, कारण लस घेऊनही ज्यांना या जिवाणूचा संसर्ग झाला, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण लस न घेता संसर्ग झालेल्यांपेक्षा जास्त आढळले. प्रतिपिंडे तर त्यांच्या शरीरात तयार झालेली होती. तूर्त भूलतज्ज्ञाच्या हाताशी असते ती सेफाझोलिन या प्रतिजैविकाचीच कुपी.