नऊ आणि सत्तावीस

श्रोतेहो, नमस्कार.

1968-69 साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात शाळेत जाणाऱ्या दर शंभर मुलांमागे कृष्णवर्णीय मुलं होती साधारण नऊ. आणि मतिमंद ठरवून वेगळ्या वर्गात बसवलेल्या दर शंभर मुलांमागे सत्तावीस! 'मतिमंद' हा शब्द आज आपण टाळतो. तेव्हा तो मुलाच्या कागदावर सर्रास लिहिला जायचा.

हा शिक्का बसायचा बुद्ध्यांक चाचणीवरून. त्या काळच्या एका चाचणीत प्रश्न होता: तुझ्यापेक्षा पुष्कळ लहान मुलगा तुझ्याशी मारामारी करू लागला, तर काय करशील? 'मीही मारीन' म्हटलं की गुण गेला. आता ज्या वस्तीत मार खाऊन आलेल्या पोराला घरचेच सांगतात की गप्प बसू नकोस, तिथल्या मुलानं दुसरं काय म्हणावं? यात बुद्धी कुठे मोजली गेली?

त्याच राज्यातल्या सोलेदाद गावची नऊ मुलं घरी स्पॅनिश बोलणारी. चाचणी झाली इंग्रजीत. पुढे त्यांच्याशी स्पॅनिशमध्ये बोलून ती पुन्हा घेतली, तर बहुतेक मुलं मतिमंद ठरवण्याच्या मर्यादेच्या वर निघाली. या मुलांच्या वतीनं राज्याविरुद्ध खटला भरला गेला. 1970 साली तो तडजोडीनं मिटला आणि घरच्या भाषेत चाचणी घेणं राज्याला मान्य करावं लागलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कृष्णवर्णीय मुलांच्या पालकांना मात्र या चाचण्यांविरुद्धच्या त्यांच्या खटल्यात 1971 पासून 1979 पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा कुठे न्यायाधीश रॉबर्ट पेकम यांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला.

एकेका मुलाची फाइल उघडली तर त्यात काही वावगं दिसत नाही. शिक्षकांचं पत्र आहे, गुण आहेत, सही आहे. सगळ्या फाइली एकत्र मोजल्या, तेव्हाच ते नऊ आणि सत्तावीस समोर आले. म्हणून मला ही मोजदाद इतकी मोलाची वाटते.

आजचा हिशेबही सोपा आहे. समजा, एका जिल्ह्यात शंभर कृष्णवर्णीय मुलांपैकी बारा जणांवर असा शिक्का आहे आणि बाकीच्या शंभरांत चौघांवर. म्हणजे तिप्पट. अमेरिकेच्या 2004 च्या विशेष शिक्षणाच्या कायद्यानुसार अशी तफावत फार असेल, तर जिल्ह्याला विशेष शिक्षणाच्या केंद्रीय निधीतले 15 टक्के पैसे मुलांना वेळीच मदत देण्यासाठी बाजूला काढावे लागतात. पण फार म्हणजे किती? ते ज्या त्या राज्यानं ठरवायचं. राज्यांनी रेषा इतकी वर ओढली की 2010-11 मध्ये देशभरातले जेमतेम दोन टक्के जिल्हे तिच्या कचाट्यात सापडले. 2016 मध्ये सगळ्या राज्यांना हिशेबाची एकच पद्धत लावायचं केंद्र सरकारनं ठरवलं. 2018 मध्ये तिची अंमलबजावणी पुढे ढकलली, आणि 2019 मध्ये न्यायालयानं ते ढकलणंच बेकायदा ठरवलं. रेषा कुठे ओढायची, हे मात्र आजही राज्यांच्याच हाती आहे.

आणि एक धोका मला मनापासून सांगायचाय. आकडा खाली आणायचा म्हणून ज्याला खरोखर मदत हवी आहे, त्या मुलाला दारातूनच परत पाठवणं. सारखेच गुण असूनही कृष्णवर्णीय मुलांना ही मदत कमी मिळते, असंही 2015 पासून काही अभ्यासक मांडत आले आहेत. तो वाद मिटलेला नाही. म्हणून 'तिप्पट' दिसलं की लगेच कुणावर ठपका ठेवू नये आणि आकडा झाकूही नये. बसावं, आणि त्या बाराही फाइली उघडाव्यात. मुलाला कोणी पाठवलं, कितव्या इयत्तेत असताना? त्याआधी वाचायला शिकवण्याचे काय प्रयत्न झाले? डोळे तपासले होते का, कान तपासले होते का? आणि चाचणी घेणारा त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलला?

नमस्कार.