पोटाचा गुरुवार

नमस्कार. ओळख करून देताना आत्ता मला 'मॅरेथॉनपटू' म्हटलं गेलं. मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची असते. मी 21 च्या पुढे कधी गेलेले नाही, आणि गुडघ्यांना विचारलं तर ते जाऊही देणार नाहीत. 31 वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. डॉक्टर नाही. त्यामुळे शौचातून रक्त जात असेल किंवा पोट रोजच बिघडत असेल, तर माझं ऐकत बसू नका, डॉक्टरांकडे जा. बाकीच्यांनी बसा. पत्रिकेत विषय छापलाय, 'शर्यतीपूर्वीचे 24 तास: आहार व पोटाचे विकार'. 'विकार' माझा शब्द नाही. मी फोनवर 'लोच्या' म्हटलं होतं.

पळताना ज्यांना कधी भर रस्त्यात 'लागली' आहे, त्यांनी हात वर करा. चार? तळजाईवर रोज भेटता तुम्ही सगळे. खरा आकडा मला माहीत आहे.

असो, माझंच सांगते. आमचं कुलदैवत खंडोबा. ज्यांच्याकडे आहे, त्यांना पुढचं कळलंच असेल. चातुर्मासापासून घरात कांदा, लसूण, वांगं बंद. मग मार्गशीर्षात चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, आणि त्या दिवशी घर जे सुटतं ते सुटतं. त्या वर्षी चंपाषष्ठी आली शनिवारी आणि माझी शर्यत रविवारी. रात्री पानावर बसले. भरतात लसूण सढळ, वरून पातीचा कांदा कच्चा. दोनदा वाढून घेतलं. तिसऱ्यांदा नको म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "उद्या एवढं पळायचंय आणि पोटात काही नको?" त्यांचं चुकलं नाही. कार्बोलोडिंग, म्हणजे शर्यतीआधी भात-बटाट्यासारखं पिष्टमय खाऊन अंगात ऊर्जा साठवणं. ते म्हणजे लग्नाची पंगत, अशी समजूत शिकलेल्यांचीही असते. माझीही होती.

नववा किलोमीटर, सिंहगड रस्ता. आधी गुरगुर, मग कळ, आणि मग एकदम शांतता. ती शांतता फार फसवी. पुढच्या दोन मिनिटांत घाम फुटला, तोही थंड. पहिलं स्वच्छतागृह दिसलं, त्याला कुलूप. कुलूप मात्र नवं, चकचकीत. मग पेट्रोल पंप. तिथला पोरगा म्हणाला, "चावी मॅनेजरकडं असती, ते नऊला येत्यात." पुरुषांना निदान अर्ध्या कामासाठी शहरभर भिंती आहेत, देवांच्या टाइल्स लावल्या तरी दोन टाइल्सच्या मधली जागा शोधतात. आम्ही काय करायचं? 1983 पासून पुणं मॅरेथॉन बघतंय, पण सकाळी साडेसातला बाईमाणसाला उघडं दार मिळेल याची खात्री नाही.

शेवटी एका सोसायटीच्या गेटात शिरले. वॉचमनने रजिस्टर पुढे केलं.

"कुणाकडे?"

"कुणाकडे नाही हो दादा. टॉयलेटला जायचंय."

"फ्लॅट नंबर?"

रकाने आठवतात अजून. नाव, मोबाइल, गाडी नंबर, कुणाकडे, कामाचे स्वरूप, वेळ आत, वेळ बाहेर. पेन दोरीला बांधलेलं आणि चालत नव्हतं. थुंकी लावून चालवलं. गाडी नंबरच्या रकान्यात छातीवरचा बिब नंबर घातला. कामाचे स्वरूप: तातडीचे. 'कुणाकडे' पाशी पेन थांबलं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझं नाव टाका, ताई." पार्किंगच्या मागे त्यांची छोटीशी जागा होती. पत्र्याचं दार, निळी बादली, कान तुटलेला मग. त्या वेळी शनिवारवाडा दिला असता तरी नको होता. आत 7.24, बाहेर 7.36.

2005 च्या लंडन मॅरेथॉनमध्ये ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफ पोटात कळा आल्या म्हणून कॅमेऱ्यांसमोर रस्त्याच्या कडेला बसली, उठली आणि 2 तास 17 मिनिटं 42 सेकंदांत जिंकली. तिला रजिस्टर भरावं लागलं नाही.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' अजून भरीतच उतरलेलं नाही. बरं, शास्त्र.

जोरात पळायला लागलं की रक्त पायांच्या स्नायूंकडे जातं आणि अंग थंड ठेवायला त्वचेकडे जातं. आतड्यांचा पुरवठा, फार जोर लावला तर, 80 टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. म्हणजे पोटाचा गुरुवार. पुणेकरांना जास्त समजवायला नको. गुरुवारी पाणी बंद असलं की आपण गोधड्या भिजवत नाही. मी भिजवल्या होत्या. त्यात दर पावलाला आतडी हिंदकळतात. शिवाय धास्ती असते ती वेगळीच. परीक्षेच्या सकाळी शाळेच्या संडासापुढची रांग मी 31 वर्षं पाहिली आहे.

कांदा-लसणातला फ्रुक्टन नावाचा पदार्थ लहान आतड्यात पचतच नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो आंबवतात आणि गॅस होतो. राजमा-छोल्यांचं साधारण तेच. दूध न पचणाऱ्यांनी दूध टाळावं. भाकरी, मटकीची उसळ, कोशिंबीर एरवी उत्तम, पण आदल्या दिवशी चोथा कमीच हवा. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, उकडलेला बटाटा, तूप बेताचं. आठच्या आत. सकाळी सुटण्याआधी दोन-तीन तास केळं, नाहीतर पांढरा ब्रेड आणि जॅम. पोहे चालतील, बिनकांद्याचे. तोंडं वाकडी करू नका, एका दिवसाचा प्रश्न आहे. चहा-कॉफीने आतडी हलतात, तेव्हा त्याचा फायदा घ्या. घरीच, उठल्या उठल्या प्या आणि वाट बघा. सुरुवातीच्या रेषेजवळ अमृततुल्य दिसलं तरी तिकडे वळायचं नाही.

दुसरी चिठ्ठी. हो, हो.

आता जेल, म्हणजे पळताना ताकदीसाठी गिळायचा, पाकिटातला साखरेचा घट्ट पाक. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं, ते परासरण. नुसतं जेल गिळलं, किंवा त्यावर गोड ड्रिंक प्यायलं, की तसंच शरीरातलं पाणी आतड्यात ओढलं जातं आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. जेलवर साधं पाणीच. तासाला 30 ते 60 ग्रॅम साखर बहुतेकांना पुरते. ग्लुकोज आत घेणारं दार तासाला साधारण 60 ग्रॅमला भरतं. फ्रुक्टोजचं दार वेगळं, म्हणून दोन्हींच्या मिश्रणाने 90 पर्यंत जाता येतं, पण सरावानंतर. पायांना सराव देता तसा पोटालाही द्या. शर्यतीत जे खाणार, तेच आधी काही आठवडे रविवारच्या लांब पळण्यात खा, थोड्यापासून सुरू करा. एक्स्पोत, म्हणजे शर्यतीआधी बिब वाटतात त्या प्रदर्शनात, फुकट मिळालेलं नवं जेल शर्यतीत फोडू नका. पळण्याआधी आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या नकोत, आतड्यांना आणि मूत्रपिंडांनाही त्रास होतो. पाणी तहानेप्रमाणे, ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते प्रकरण पोटदुखीपेक्षा गंभीर आहे.

आणखी एकच. शर्यतीच्या आदल्या रविवारी, त्याच वेळी, मी त्या रस्त्याने स्कूटरवरून जाते आणि कुठलं कुलूप उघडं आहे ते लिहून घेते. यंदा सात जागा सापडल्या आहेत. यादीच्या प्रती दारापाशी ठेवल्यात, घेऊन जा. आठवी जागा मला माहीत आहे, पण ती यादीत नाही. त्यांची नोकरी जाईल.