दार ठोठावायला लाजायचं नाही

नमस्कार मंडळी, बेळगाव, खानापूर, निपाणी, जिथनं ऐकायलाय तिथनं ऐका. आज प्रार्थनेबद्दल बोलूया, म्हणजे मागून मागून काही मिळेना झालं की त्याबद्दल.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात 18व्या अध्यायात येशूनं एका विधवेची गोष्ट सांगितली आहे. न्यायाधीश असा की देवाला भीत नाही, माणसाला मोजत नाही, आणि ही बाई सारखी त्याच्या दारात, माझा न्याय करा म्हणून. शेवटी तो वैतागतो. मूळ ग्रीकात त्याच्या तोंडी जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ डोळ्याखाली बुक्की मारणं, म्हणजे ही बया एक दिवस माझं तोंड सुजवेल! मला तर आमची आईच दिसते. बाबा गेल्यावर शेताच्या उताऱ्यावर नाव चढवायला दोन वर्षं चकरा मारल्या तिनं, खानापूरच्या त्या पावसात, कागद सगळे कन्नडात, हिला फक्त मराठी, मग बसमध्ये शेजारी बसेल त्या पोरीकडनं वाचून घ्यायची. शेवटी क्लार्क म्हणाला, अव्वा, काम करतो पण उद्या येऊ नका.

आता इथं आपण चुकतो बघा. देव पण त्या क्लार्कसारखा, त्रास दिला की सही करणार, असं वाटतं. येशू उलटं सांगतोय, असला माणूस पण ऐकतो तर तुमचा बाप ऐकणार नाही काय? 11व्या अध्यायात तर विचारतोच, पोरानं मासा मागितला तर कुठला बाप साप देईल?

पण खरं सांगू? कधीकधी मासा येत नाहीच. येशूचा प्रेषित पौल, त्यानं शरीरातला काटा, म्हणजे सलणारा त्रास, काढ म्हणून तीनदा विनवलं, काटा गेला नाही, उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे." माझा भाऊ आजारी होता तेव्हा आम्ही सगळ्यांनी गुडघे टेकले, तरी तो गेला. त्या वेळी हे वचन कुणी ऐकवलं असतं तर मी उठून गेले असते.

आई महिनाभर प्रार्थनेला बसली नाही. मग एका पहाटे आतनं आवाज आला, मी घाबरून उठले तर ही अंधारात देवाशी भांडायलेली, किती दिवस गप्प बसणार म्हणून, अगदी बायबलातल्या 13व्या स्तोत्रासारखं, आणि ते तिला पाठ पण नव्हतं. मी काही बोलले नाही. चुलीवर चहा ठेवला, आणि भांडण संपायची वाट बघत बसले.